‘व इतर’

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या या आनंदाच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली, त्याबद्दल प्रथमच त्यांचे आभार मानणे हे आमचे कर्तव्य आहे. आज्ञेबरोबर त्यांनी एक अटही घातली होती. ‘या खेपेस संतवाङ्मय नको आणि आपल्या ज्ञातीचा पूर्वेतिहासही नको, तरुण मंडळी उठून चहाच्या टेबलाकडे जाणार नाहीत असा काही विषय घ्या,’ असे ते म्हणाले. अट अवघड खरी; परंतु ती आम्ही शिरोधार्य मानली आहे. आज आम्ही आपणांस एका जगप्रसिद्ध पॉप गायकाची पडद्यामागे घडलेली भेट सांगणार आहोत. हे ऐकताच तरुण मंडळी सरसावून बसली आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या, हे आम्हांस व्यासपीठावरून स्पष्ट दिसत आहे. वडीलधाऱ्यांनी थोडा धीर धरावा. गोष्ट लंडनमध्ये घडलेली असली तरी ती फिरून आपल्याच सभागृहाच्या स्वयंपाकघरापर्यंत येणार आहे.

या गोष्टीचे मूळ आमच्याच एका चुकीत आहे, म्हणून आधी ती कबूल करतो. आपल्या स्मरणिकेच्या संपादनाचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. मागील वर्षीच्या संमेलनात सायंकाळी नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला, तो आपणांस आठवत असेल. त्या कार्यक्रमास तबल्याच्या साथीस आमच्या धाकट्या बंधूंची नात बसली होती. पोरीने सलग अडीच तास साथ केली. पुढे स्मरणिका निघाली. तीत त्या कार्यक्रमाचे छायाचित्र छापले आणि खाली मजकूर घातला तो असा: गायिकेचे नाव, आणि पुढे ‘व इतर’. हे दोन शब्द आमच्याच लेखणीतून उतरले होते. लिहिताना आम्हांस काहीच वाटले नाही. मुद्रकाने सांगितले, जागा एका ओळीची आहे. आम्ही एका ओळीत बसवून दिले.

या वर्षी कार्यक्रम समितीने तिला पुन्हा साथीस बोलाविले, तेव्हा तिने नकार दिला. कारण विचारता म्हणाली, ‘इतरांपैकी कोणालाही बोलवा. काय फरक पडणार आहे?’ आम्ही घरातले वडील, म्हणून तिची समजूत घालण्यास गेलो. गीतेतील निष्काम कर्म सांगितले, देवळाच्या पायातील दगडाचा दृष्टांत दिला, सेवेची थोरवी वर्णिली. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले, आमच्यापुढे चहा ठेवला, आणि मग वडिलांच्या संग्रहातील एक जुनी लाँगप्ले तबकडी काढून तिचे वेष्टन उलटे करून आमच्या हाती दिले. ‘थोरले आजोबा, चष्मा लावा आणि येथे वाचा,’ एवढेच ती म्हणाली. बारीक इंग्रजी अक्षरांत तेथे एका माणसाचे नाव होते: अनिल भागवत, आणि त्यापुढे कंसात शब्द होता, तबला.

ती तबकडी बीटल्सची होती. ज्या बंधुभगिनींस हे नाव अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगतो की, जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या इंग्लंडातील लिव्हरपूल गावच्या चार तरुणांच्या वाद्यवृंदाचे हे नाव. १९६३ पासून पुढील काही वर्षांत या चौघांची कीर्ती अशी पसरली की, ते ज्या गावी जात तेथे पोलिसांस रस्ते अडवावे लागत, आणि श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांचे गाणे त्यांनाच ऐकू येत नसे. १९६६ साली तर त्यांनी दौरे करून जाहीर कार्यक्रम करणेच सोडून दिले. अशा या मंडळींच्या तबकडीवर भागवत हे नाव कसे आले? आडनाव ऐकताच कोणाही मराठी माणसाचे कान टवकारावेत, तसे आमचेही टवकारले. हे गृहस्थ कोणत्या ज्ञातीचे, हा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात या क्षणी डोकावला असेल. आम्ही तो विचारला नाही आणि विचारणारही नाही. कारण त्यांची गोष्ट आपल्या उपयोगाची आहे ती त्यांच्या हातामुळे, ज्ञातीमुळे नव्हे.

आता ती गोष्ट. चौघांपैकी जॉर्ज हॅरिसन हा वयाने सर्वांत धाकटा. १९६५ च्या एप्रिलात एका चित्रपटाचे काम चालू असता हिंदी उपाहारगृहाचा देखावा उभारला होता, त्यात काही भारतीय वादक बसविले होते. तेथे त्याने सतार प्रथम हाती घेऊन पाहिली. पुढे लंडनमध्येच एका दुकानातून त्याने एक साधी सतार विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात एका गीतात ती वाजविली. ध्वनिमुद्रण चालू असता सतारीची तार तुटली. आता लंडनमध्ये रात्रीच्या वेळी सतारीची तार आणावी कोठून? तेव्हा कोणी तरी ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेचे नाव सुचविले. ही संस्था अयन देव अंगडी नावाच्या कर्नाटकातील गृहस्थांनी आपल्या इंग्रज पत्नीसह १९४६ साली लंडनमध्ये काढली होती आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन हे तिचे अध्यक्ष होते. अंगडी कुटुंबापाशी तार होती. ती घेऊन ते कुटुंब स्टुडिओत गेले. तार दिली ती मोठ्या मंडळींस दिली म्हणून कोणी त्यांचा सत्कार केला नाही. परंतु त्या तुटलेल्या तारेपासून हॅरिसन आणि भारतीय संगीत यांचा संबंध जुळला, तो जन्मभर टिकला.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६६ च्या एप्रिलात, हॅरिसनने संपूर्ण भारतीय वळणाचे एक गीत रचले. त्यासाठी तबलावादक हवा होता. पुन्हा अंगडींकडे विचारणा झाली. अंगडींनी अनिल भागवत यांस दूरध्वनी केला आणि आज सायंकाळी जॉर्जबरोबर वाजविण्यास मोकळे आहात काय, एवढेच विचारले. कोणता जॉर्ज, हे सांगितले नाही. इंग्लंडात जॉर्ज नावाला काय तोटा! भागवतांनी होकार दिला. सायंकाळी दारात रोल्स-रॉइस मोटार येऊन उभी राहिली, तेव्हा कोठे त्यांस उमगले की, आपणांस बीटल्सकडे जावयाचे आहे. ॲबे रोडवरील स्टुडिओशी मोटार पोहोचली, तर बाहेर जिकडेतिकडे मुली उभ्या. कोणापाशी चहाचा थर्मास, कोणापाशी केक, कोणापाशी सँडविचे. चौघांपैकी कोणी बाहेर पडताना ओझरता दिसावा, यासाठी त्या तासन्‌तास तिष्ठत होत्या. त्यांच्यामधून हा तबलजी आपला तबला घेऊन आत गेला.

आत काय घडले, हे भागवतांनी पुढे एका ग्रंथकारास सांगितले आहे. सांगण्यासारखे फार नाही, आणि तीच त्यातली मौज आहे. बाहेर एवढा कल्लोळ, आणि आत दोन वादक समोरासमोर बसून स्वर जुळवीत आहेत. हॅरिसनने आपणांस काय हवे ते सांगितले. रविशंकरांच्या धाटणीचे, सोळा मात्रांचे काही वाजवावे, असे त्याने सुचविले. आणि बाकीचे मात्र वादकाने आपल्या उपजेप्रमाणे वाजवावे, हेही मान्य केले. आपल्याकडील कोणत्याही मैफलीच्या आधी विंगेत जे बोलणे होते, तेच हे बोलणे. ज्याच्या नावाने जग वेडे झाले होते, तो तेवीस वर्षांचा मुलगा त्या सायंकाळी एका तबलजीकडून तालाचा आधार मागत होता, आणि आधार देणाऱ्याचा मान राखून मागत होता.

तबकडी ऑगस्ट १९६६ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ या नावाने निघाली. तिच्या वेष्टनाच्या मागील बाजूस गीताच्या उल्लेखासह भागवतांचे नाव छापले गेले. या गोष्टीचा आपणांस फार अभिमान वाटतो, तो आपल्या आयुष्यातील अत्यंत रोमहर्षक काळ होता, असे भागवतांनी वीस-बावीस वर्षांनंतर सांगितले. मोटारीचा अभिमान नव्हे, त्या चौघांच्या सहवासाचाही केवळ नव्हे; नाव छापले गेले याचा अभिमान.

हे ऐकून आपण म्हणाल, यात विशेष ते काय? वाजविले त्याचे नाव छापले. परंतु सज्जनहो, विशेष आहे. त्याच तबकडीवर ‘एलिनॉर रिग्बी’ नावाचे एक गीत आहे. त्यास त्या चौघांपैकी कोणीही वाद्याची साथ केलेली नाही. चार व्हायोलिने, दोन व्हायोला आणि दोन चेलो अशा आठ वादकांनी ते सारे गीत उचलून धरले आहे. त्या आठांपैकी एकाचेही नाव त्या वेष्टनावर नाही. पाश्चात्य देशांतील ध्वनिमुद्रणाची त्या काळची रीतच ती. वादकाने यावे, वाजवावे, मोबदला घ्यावा आणि जावे. भागवतांचे नाव छापले गेले, हा त्या रीतीला पडलेला अपवाद होता.

आणि अपवाद होता, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. १९६७ च्या मार्चमध्ये हॅरिसनने दुसरे एक भारतीय वळणाचे गीत रचले. या खेपेस बीटल्सपैकी तो एकटाच त्या गीतात होता. बाकी सारे भारतीय वादक आणि काही इंग्रज व्हायोलिन व चेलोवादक. एशियन म्युझिक सर्कलच्याच द्वारे वादक मिळाले. दिलरुबावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. स्टुडिओत सतरंजी अंथरली, उदबत्त्या लावल्या. ते गीत ज्या तबकडीवर आहे तिचे मुखपृष्ठ जगप्रसिद्ध आहे. त्यावर पन्नासांहून अधिक थोरामोठ्यांचे चेहरे दाटीने उभे केले आहेत. त्यांत परमहंस योगानंदांसह आपल्याकडील चार योगी आहेत. मागील बाजूस सर्व गीतांचे शब्द अथपासून इतिपर्यंत छापले आहेत. एवढी सारी जागा त्या वेष्टनावर होती. चार भारतीय वादकांच्या नावांपुरती मात्र झाली नाही.

ही चार नावे जगास कळली ती त्या तबकडीस पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१७ साली. तोवर जाणकारांच्या पुस्तकांतही त्यांचा उल्लेख सामान्यपणे ‘एशियन म्युझिक सर्कलचे वादक’ असाच होत असे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, ‘व इतर’. पन्नास वर्षे कोट्यवधी लोकांनी अण्णा जोशींचा दिलरुबा ऐकला आणि तो कोणाचा, हे त्यांस ठाऊक नव्हते. आमच्या नातीने हे आम्हांस सांगितले, तेव्हा हातातील चहा निवून गेला होता.

आमचे वय झाले असल्याने आम्ही लगेच हार मानली नाही. आम्ही म्हणालो, ‘अगं, तो परदेश. आपल्याकडे साथीदाराचा मान निराळा. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ तबल्यास आणि कादरबक्ष सारंगीस बसत, तेव्हा श्रोते त्यांच्या नावाने दाद देत.’ ती म्हणाली, ‘थिरकवाँचे नाव थिरकवाँनी मिळविले. रोजच्या तबलजीचे नाव कोणी टिपून ठेवले?’ यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा आरंभ झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव स्वतः इंग्रजीत उच्चारीत असे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांस गाणाऱ्याचे नाव कळावे, म्हणून ही युक्ती. गाणाऱ्यास नाव उच्चारता आले, कारण तिच्यापाशी आवाज होता. सारंगियाने आणि तबलजीने आपले नाव कोणत्या बोलात वाजवावे?

आता मुंबईची एक हकीकत सांगतो; ती आमच्या स्वतःच्या पावलांशी निगडित आहे. १९६६ च्या सप्टेंबरात हॅरिसन रविशंकरांपाशी सतार शिकण्यासाठी मुंबईस आला. ओळख पटू नये म्हणून त्याने मिशा वाढविल्या होत्या, केस कापले होते आणि ताजमहाल हॉटेलात खोटे नाव दिले होते. तरीही तो ओळखला गेला, हॉटेलसमोर गर्दी लोटली, आणि अखेर गुरुशिष्यांस काश्मीरकडे निघून जावे लागले. ज्यास नाव पुसून टाकावयाचे होते त्याचे पुसले जाईना; आणि ज्यांचे कोणी लिहावे, त्यांचे लिहिले जात नव्हते. जगाचा न्याय हा असा आहे.

पुढे १९६८ च्या जानेवारीत तो पुन्हा आला, तो ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटाच्या संगीतासाठी. फोर्टात फिरोजशहा मेहता रस्त्यावर एच. एम. व्ही. कंपनीचा स्टुडिओ होता, तेथे काम चालले. यंत्र एकपदरी मुद्रणाचे. म्हणून दुपदरी मुद्रणाचे यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणविले. शिवकुमार शर्मा संतूरवर, चंद्रशेखर नारिंगरेकर सूरबहारवर, विनायक व्होरा तारशहनाईवर, शंभू दास सतारीवर, रिजराम देसाद हार्मोनियम आणि तबलातरंगावर, असे एकापेक्षा एक वादक जमले होते. स्टुडिओस बाहेरचा आवाज अडविण्याची पुरेशी सोय नव्हती. हॅरिसनने पुढे आठवण सांगितली आहे की, सायंकाळी साडेपाचास कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांच्या पावलांचा एवढा धडधडाट होई की काम थांबवावे लागे. आणि रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सींचा आवाज तर काही ठिकाणी मुद्रणातच उतरला आहे.

सज्जनहो, त्या जानेवारीत आम्ही बावीस वर्षांचे होतो आणि त्याच रस्त्यावरील एका कचेरीत कारकून होतो. रोज साडेपाचास आम्हीही जिन्यावरून धावत उतरत असू, कारण चर्चगेटची गाडी चुकली तर पुढची अर्धा तास उभ्याने. आमची इमारत निराळी आणि जिनाही निराळा. परंतु त्या वेळी फोर्टातील हजारो कारकुनांच्या पावलांचा जो एक आवाज उठत असे, त्यात आमचाही एक थेंब होता. भिंतीच्या आत जगातील एक विख्यात पुरुष आमची पावले केव्हा थांबतात याची वाट पाहत होता, आणि भिंतीबाहेर आम्ही रुपया-आण्याचा हिशेब करीत भुकेल्या पोटी स्टेशनाकडे पळत होतो. हीच काय ती आमची त्याची भेट. त्या मुद्रणाच्या इतिहासात आम्ही कोठे असलो तर ‘व इतर’ मध्ये आहोत. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आम्ही काही वाजविले नव्हते.

परंतु ज्यांनी वाजविले त्यांची नोंद पाहण्याजोगी आहे. त्या चित्रपटाच्या संगीताची तबकडी १९६८ च्या नोव्हेंबरात निघाली, तेव्हा हॅरिसनने वेष्टनावर वादकांची नावे त्यांच्या वाद्यांसह छापविली. काही नावांची इंग्रजी अक्षरे चुकली आहेत, शर्मांचे आडनाव तर वाचवत नाही. तरी नावे आहेत. याच मुंबईच्या मुक्कामात त्याने आणखी एका गीताचे वाद्यसंगीत मुद्रित केले. त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. ते गीत मार्चमध्ये बीटल्सच्या एका लहान तबकडीच्या दुसऱ्या बाजूस निघाले. तिच्या लेबलावर मुंबईच्या कोणा वादकाचे नाव नाही. एकच माणूस, एकच स्टुडिओ; एका ठिकाणी नाव आले, दुसऱ्या ठिकाणी राहिले. यावरून आम्ही एवढेच समजलो की, नाव राहून जाते ते बहुधा कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. कोणी तरी आठवण ठेवली तर ते येते; कोणीच ठेवली नाही तर राहते. हॅरिसनसारख्या कृतज्ञ माणसाच्या हातूनही राहिले. आमच्या हातून राहिले त्यात नवल नाही. परंतु राहिले, हे कबूल केले पाहिजे.

आता लंडन आणि फोर्ट सोडून आपण आपल्या सभागृहात येऊ. गेल्या वर्षीची स्मरणिका आम्ही त्या रात्री घरी जाऊन पुन्हा वाचली. या वेळी संपादकाच्या डोळ्यांनी नव्हे, तर नातीच्या डोळ्यांनी. देणगीदारांची नावे रकमेसह पानोपानी आहेत, आणि ती असलीच पाहिजेत; त्यांच्या औदार्यावाचून हे छप्पर उभे राहिले नसते. कार्यकारी मंडळाची छायाचित्रे आहेत. गुणवंत विद्यार्थ्यांची नावे गुणांसह आहेत. परंतु ‘व इतर’, ‘व सहकारी’, ‘महिला मंडळाच्या भगिनी’ हे शब्द आम्ही मोजले, तेव्हा मोजता मोजता लाज वाटली. संमेलनाच्या दिवशी पहाटे चारपासून ज्या भगिनी स्वयंपाकघरात उभ्या होत्या, त्यांतील एकीचेही नाव नाही. सतरंज्या घालणारे आणि रात्री सारे पांगल्यावर त्या गुंडाळणारे तरुण नाहीत. वधुवर मेळाव्याच्या याद्या रात्री जागून ज्याने लिहून काढल्या, तो नाही. पेटीवाला नाही. पोरीचा प्रश्न केवळ तबल्याचा नव्हता, हे आम्हांस तेव्हा कळले.

यावर काय आक्षेप येतील, याचा आम्ही विचार केला आहे. कोणी म्हणेल, सेवा गुप्त असावी. नावाची हाव धरणे बरे नव्हे. हे वचन खरे आहे, परंतु ते कोणी कोणास सांगावे, यास महत्त्व आहे. मला नाव नको, असे करणाऱ्याने म्हणणे हा त्याचा मोठेपणा. तुला नाव नको, असे करवून घेणाऱ्याने म्हणणे हा त्याचा कोतेपणा. आम्ही नातीपुढे गीता सांगावयास बसलो होतो तेव्हा हा भेद आमच्या ध्यानात आला नव्हता. शिवाय ज्या अंकात आमचे स्वतःचे नाव संपादक म्हणून ठळक अक्षरांत छापले होते, तोच अंक समोर ठेवून आम्ही तिला निष्काम कर्म शिकवीत होतो. ती मोठ्यांचा मान राखणारी मुलगी, म्हणून तिने ते बोलून दाखविले नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दोन पाने वाढतील, आणि पानास जाहिरात मिळते. याचे उत्तर कोषाध्यक्षांनीच द्यावे. आम्ही एवढेच म्हणू की, त्या दोन पानांवरील माणसे एक वर्ष आली नाहीत, तर मांडववाला आणि आचारी यांस जे द्यावे लागेल त्यात किती जाहिराती बुडतील, याचा हिशेब त्यांनी मांडून पाहावा. तिसरा आक्षेप सर्वांत खरा: एखादे नाव राहिले तर मन दुखावेल, त्यापेक्षा कोणाचेच नको. परंतु चुकण्याच्या भयाने सर्वांस वगळणे, हा न्याय नव्हे. हॅरिसनच्या वेष्टनावर नावे चुकीची छापली गेली. तरी चुकलेल्या नावावरूनही माणूस ओळखू येतो. कोऱ्या जागेवरून येत नाही. ज्याचे राहील त्याची पुढील वर्षी क्षमा मागू आणि नाव घालू.

म्हणून आमची या सभेस नम्र सूचना आहे ती अशी. यंदापासून प्रत्येक कार्यक्रमाच्या प्रमुखाने एक वही ठेवावी. जो कोणी हात लावील त्याचे पूर्ण नाव आणि त्याने केलेले काम त्याच दिवशी त्या वहीत लिहावे. महिनाभराने आठवून लिहू नये, कारण आठवण ही मोठ्यांचीच राहते. ती नावे स्मरणिकेत कामाच्या अनुक्रमाने छापावी, मानाच्या अनुक्रमाने नव्हे. आणि सभागृहात जो नवा शिलालेख बसवावयाचा आहे, त्यात देणगीदारांबरोबर एक पट्टी ज्यांनी अंगमेहनत दिली त्यांच्यासाठी राखून ठेवावी. जे आता हयात नाहीत त्यांची नावे आठवणारी माणसे अजून आपल्यात बसली आहेत. आणखी दहा वर्षांनी ती नसतील. अण्णा जोशींचे नाव पन्नास वर्षांनी सापडले ते शोधणारे कोणी निघाले म्हणून. आपल्या स्वयंपाकघरातील माउल्यांची नावे शोधण्यास बाहेरून कोणी येणार नाही. ते काम आपलेच आहे.

आता शेवटचे. येथे उभे राहून त्या मुलीचे नाव मोठ्याने उच्चारावे आणि सर्वांसमक्ष तिची क्षमा मागावी, असा आमचा बेत होता. काल तो तिला सांगितला. ती म्हणाली, ‘एकटीचे नाव भाषणात घ्याल तर उपकार केल्यासारखे होईल. यादीत घाला, पेटीच्या खाली, झांजेच्या वर, जेथे तबला येतो तेथे.’ म्हणून आम्ही आज तिचे नाव घेत नाही. क्षमा मात्र मागतो. तिची, आणि मागील सर्व अंकांतील ‘व इतरां’ची. आज सायंकाळच्या कार्यक्रमास ती साथीस बसणार की नाही, हे तिने आम्हांस सांगितलेले नाही. येताना तिच्या वडिलांच्या हाती तबल्या-डग्ग्याच्या दोन पिशव्या होत्या, एवढे आम्ही पाहिले आहे.

 या ध्वनिक्षेपकाची जोडणी ज्याने सकाळी सात वाजता येऊन केली, त्या मुलाचे नाव आम्ही विचारून वहीत लिहून घेतले आहे.